वि. स. पागे आणि रोजगार हमीचा कायदा

विधिमंडळाच्या सभासदाचे काम कोणते, असा प्रश्न एखाद्या सुशिक्षित गृहस्थास विचारला, तर तो बहुधा भाषणे, प्रश्नोत्तरे आणि मतदान यांचाच उल्लेख करील. वर्तमानपत्रांतून या कामाचा जेवढा भाग घरोघरी पोचतो तेवढा पाहता हे उत्तर स्वाभाविकच म्हणावे लागेल. परंतु सभासदाच्या कामाचा खरा कस भाषणात लागत नाही. लोकांच्या एखाद्या जुन्या दुःखावर शासनाने केव्हा, किती आणि कोणाच्या पैशाने उपाय करावयाचा, हे जेव्हा कायद्याच्या कलमांत उतरते, आणि ते न झाल्यास जबाबदार कोण हेही जेव्हा त्यांत लिहिले जाते, तेव्हाच ते काम पुरे झाले असे म्हणता येते. महाराष्ट्राच्या विधिमंडळात असे एक काम विठ्ठल सखाराम पागे यांच्या हातून घडले. ते काम म्हणजे रोजगार हमी योजना.

भारताच्या राज्यघटनेच्या चौथ्या भागात राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. त्यांतील एक्केचाळिसाव्या अनुच्छेदाने तीन गोष्टी एकत्र गुंफल्या: काम मिळण्याचा हक्क, शिक्षणाचा हक्क, आणि बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्याचा हक्क. पुढे १९७६ साली घटनेत ४८-क हा अनुच्छेद घालण्यात येऊन पर्यावरणाचे रक्षण आणि सुधारणा हेही राज्याचे कर्तव्य ठरले. अर्थ, शिक्षण आणि सृष्टी हे तिन्ही विषय अशा रीतीने एकाच प्रकरणात आले. मात्र या तत्त्वांविषयी घटनेनेच असेही सांगून ठेवले आहे की, त्यांची अंमलबजावणी न्यायालयामार्फत करून घेता येणार नाही. शिवाय एक्केचाळिसाव्या अनुच्छेदात राज्याच्या आर्थिक कुवतीची मर्यादाही घातलेली आहे. म्हणजे घटनेने दिशा दाखविली. त्या दिशेने रस्ता बांधण्याचे काम विधिमंडळांवर सोपविले. काम मिळण्याच्या हक्काचा हा रस्ता प्रथम महाराष्ट्राने बांधला, म्हणून त्याचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

पागे हे सांगली जिल्ह्याचे. महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली त्या १९६० सालापासून १९७८ पर्यंत, सुमारे अठरा वर्षे, ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीचे आसन मानाचे खरे, पण धोरण घडवू पाहणाऱ्या माणसाला ते काहीसे अडचणीचेच म्हटले पाहिजे. सभापतीने वादविवादात भाग घ्यावयाचा नसतो, कोणत्याही पक्षाची बाजू उचलून धरावयाची नसते, आणि समसमान मते पडल्याखेरीज त्यास मतही देता येत नाही. तेव्हा सभागृहात बोलून आपली कल्पना पुढे रेटण्याचा मार्ग पागे यांना मोकळा नव्हता. त्यांनी दुसरा मार्ग धरला. प्रयोग करून पाहावयाचा, त्याचा हिशेब मांडावयाचा, आणि तो हिशेब मंत्र्यांच्या व सहकाऱ्यांच्या गळी उतरवावयाचा.

सांगली जिल्ह्याची रचना ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कल्पना याच मातीत का रुजली ते सहज उमगेल. जिल्ह्याच्या पश्चिमेस कृष्णा आणि वारणा यांच्या काठची काळी, पाण्याखालची जमीन आणि उसाचे मळे; तर पूर्वेकडे पर्जन्यछायेतील माळरान, जेथे मृगाचा पाऊस हुकला की वर्ष हुकले. या कोरडवाहू पट्ट्यातील शेतमजुरास आणि अल्पभूधारकास माघ-फाल्गुनात सुगी आटोपली म्हणजे पुढच्या पेरणीपर्यंत हाताला काम नसे. दुष्काळ पडला तर हाल होतच. पण दुष्काळ न पडलेल्या, बऱ्या म्हणविल्या जाणाऱ्या वर्षीसुद्धा चारपाच महिने बेकारीचे जात. या नित्याच्या बेकारीची सरकारी दप्तरात कोठेही नोंद नव्हती.

येथे दुष्काळनिवारणाच्या जुन्या पद्धतीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रज सरकारने दुष्काळसंहिता तयार करविल्या. पीक किती आले याचा अंदाज आण्यांत, आणि पुढे पैशांत बांधावयाचा. आणेवारी अथवा पैसेवारी ठरावीक मर्यादेखाली गेली म्हणजे टंचाई जाहीर करावयाची. मग कसोटीची कामे काढून लोक खरोखरच गरजू आहेत की काय ते पाहावयाचे. आणि गर्दी झाली तर मोठी कामे सुरू करावयाची, असा तो क्रम होता. या पद्धतीने पुष्कळ प्राण वाचविले, हे नाकारता येणार नाही. परंतु तिच्या मुळाशी असलेला विचार असा की, गरज आहे किंवा नाही हे अधिकाऱ्याने ठरवावयाचे. भुकेलेल्या माणसाचे म्हणणे हा पुरावा मानला जात नसे. पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली आली तरच दुष्काळ. एकावन्न पैसे आली तर त्या गावच्या मजुरास कोणाच्याही दारी जाऊन दाद मागता येत नसे.

पागे यांच्या कल्पनेने हा क्रमच उलटा केला. काम मागणारा माणूस हाच गरजेचा पुरावा, असे तिचे सूत्र होते. उन्हातान्हात मातीकाम करावयास, आणि तेही बेताच्या मजुरीवर, जो आपण होऊन येतो त्याची गरज तपासण्यासाठी वेगळी चौकशी कशाला हवी? त्याने काम मागावे आणि शासनाने ते द्यावे. १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे या विचाराचा पहिला प्रयोग करण्यात आला. त्याची फलश्रुती पागे यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडली. नाईक यांना शेतीची जाण होती आणि ते या कल्पनेच्या पाठीशी उभे राहिले.

१९७२ साली योजना राज्यभर लागू करण्याचे ठरले, आणि त्याच सुमारास महाराष्ट्रावर दुष्काळाचे ते भीषण संकट कोसळले, ज्याची आठवण जुन्या पिढीच्या मनातून पुसली गेली नाही. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. १९७१ च्या शिरगणतीप्रमाणे राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी होती. म्हणजे लहानथोर धरून दर दहा माणसांमागे एक माणूस त्या महिन्यात खडी फोडीत अथवा माती वाहत होता. या प्रचंड व्यापात नवी योजना काही काळ झाकून गेली. तथापि दुष्काळाने दोन गोष्टी सिद्ध केल्या. एक, लाखो माणसांना काम पुरविण्याची यंत्रणा तालुक्या-तालुक्यांत उभी करता येते. दुसरी, आधी आखणी नसेल तर तेवढ्या श्रमातून टिकाऊ असे फारसे काही हाती लागत नाही. फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्याकडेला पडून राहतात. याच काळात, १९७१ साली, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करून ग्रामीण भागात सार्वजनिक कामे काढण्याचा आग्रह धरला होता. विचार आणि अनुभव अशा रीतीने एकाच बाजूस येऊन मिळाले.

दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा मार्गी लागली. परंतु शासनाच्या ठरावावर उभी असलेली योजना शासनाच्या दुसऱ्या ठरावाने मोडता येते. आज तिजोरी भरलेली आहे म्हणून काम दिले, उद्या रिकामी झाली म्हणून बंद केले, असे झाले तर ती हमी कसली? विरोधी पक्षांचे सभासद आणि शेतमजुरांच्या संघटना यांनीही कायद्याची मागणी लावून धरली. अखेर १९७७ साली महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम उभय सभागृहांनी एकमताने संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या विधेयकावर एकत्र आले, हे विधिमंडळाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

या कायद्याची घडण कशी आहे ते थोडक्यात पाहू. ग्रामीण भागात राहणाऱ्या, अठरा वर्षे पुरी झालेल्या कोणाही व्यक्तीस अंगमेहनतीचे अकुशल काम मागण्याचा हक्क त्याने दिला. नाव नोंदवून काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते द्यावयाचे. न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा. हा भत्ता आरंभी दिवसास निदान एक रुपया इतका अल्प होता. मजुरी आठवड्याने, आणि उशिरात उशिरा पंधरवड्याच्या आत चुकती करावयाची. मजुरी केलेल्या कामाच्या मोजमापावर ठरावयाची, म्हणून पुरुषास एक दर आणि स्त्रीस दुसरा असा भेद राहिला नाही. एकूण खर्चातील किमान साठ टक्के भाग मजुरीवर पडला पाहिजे, जेणेकरून यंत्रे आणि सामान यांतच पैसा जिरणार नाही. काम ठेकेदारामार्फत करावयाचे नाही. कामावर पिण्याचे पाणी, विसाव्यापुरती सावली, प्रथमोपचाराचे साहित्य आणि तान्ह्या मुलांना सांभाळण्याची सोय असावी. या सर्वांची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यावर ठेवण्यात आली. जे पूर्वी कृपेने मिळत होते त्याला अशा प्रकारे मुदत, मोबदला आणि उत्तरदायी माणूस मिळाला. डोक्यावर पाटी घेऊन टोळीत काम करणाऱ्या मजुरांत स्त्रियांचा भाग फार मोठा राहिला. पतीच्या अथवा शेतमालकाच्या हाताकडे न पाहता स्वतःच्या नावाने हजेरीपटावर अंगठा उठवून मजुरी घेण्याचा प्रसंग त्यांच्यापैकी कित्येकींच्या आयुष्यात प्रथमच आला.

आता खर्चाचा प्रश्न. येथे शहरातील घराचा या कथेशी प्रत्यक्ष संबंध येतो. घटनेने घातलेली आर्थिक कुवतीची अट पार पाडण्यासाठी विधिमंडळाने १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. नोकरदार गृहस्थाच्या पगारपत्रकावर दरमहा जी एक लहानशी वजावट दिसते, आणि जी अनेक वर्षे अकरा महिने २०० रुपये व फेब्रुवारीत ३०० रुपये अशा हिशेबाने कापली जात आली, तिचा उगम या रोजगार हमीत आहे. वर्षाकाठी २,५०० रुपयांची मर्यादाही घटनेतच घातलेली आहे. याखेरीज मोटारगाड्या, विक्रीकर, पाण्याखालील शेतजमीन आणि शहरांतील बिगर-निवासी मिळकती यांवरही जादा भार बसविण्यात आला. या करांतून जेवढी रक्कम येईल तेवढीच आणखी भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालावयाची आणि या सर्वांचा मिळून रोजगार हमी निधी करावयाचा, अशी ही योजना होती. ज्या बागाईतदाराला धरणाचे पाणी मिळाले आणि ज्या शहरवासीयाला ठरलेला पगार मिळतो, त्या दोघांनी कोरडवाहू मजुराच्या कामाचा भार उचलावा, हा त्यातील न्याय होता. तो कोणी व्यासपीठावरून फारसा सांगितला नाही; पण करांच्या कोष्टकात तो स्पष्ट लिहिलेला होता.

शिक्षणाचा धागाही येथेच सापडतो. १९६२ साली राज्याने शिक्षण उपकराचा कायदा केला होता. पुढे त्याच कायद्यात रोजगार हमीच्या उपकराची भर पडली आणि त्याचे नाव महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी उपकर अधिनियम असे झाले. घरपट्टीच्या बिलावर हे दोन उपकर शेजारी शेजारी छापलेले पुष्कळांनी पाहिले असतील. ते शेजारी का आले याचा विचार मात्र थोड्यांनीच केला असेल. त्या शेजाराला अर्थ आहे. शाळेची इमारत बांधली, शिक्षक नेमला, पाटीपुस्तके दिली, तरी दसरा उलटताच बाप बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीस निघाला म्हणजे मूलही गाडीत बसते आणि पटावरील नाव नुसते नावच उरते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा काढाव्या लागल्या, त्या याच कारणाने. आईबापांना गावाजवळ काम मिळाले तरच शिक्षणावर केलेला खर्च मुलापर्यंत पोचतो. सक्तीच्या शिक्षणाचा हक्क घटनेत २००२ साली आला आणि त्याचा कायदा २००९ साली झाला. परंतु मुलाला गावात थांबवू शकेल असा उपाय महाराष्ट्राने त्यापूर्वीच हाती घेतला होता. रोजगार हमीने हे स्थलांतर थांबविले असे मात्र म्हणता येणार नाही. मुकादमाकडून मिळणारी उचल आगाऊ आणि एकरकमी असते. हमीच्या कामाची मजुरी मोजमापानंतर येते. कर्जाने गांजलेले कुटुंब पहिलीकडे वळते, यात आश्चर्य ते काय?

तिसरा विषय सृष्टीचा, म्हणजे माती आणि पाणी यांचा. दख्खनच्या पठाराखाली काळ्या पाषाणाचे थर आहेत. त्यात पाणी मुरते ते फटींतून आणि झिजलेल्या थरांतून, बेताबेतानेच. उतारावर पडलेला पाऊस अडविला नाही तर तो माती घेऊन ओढ्यात जातो आणि मागे खडक उरतो. म्हणून समतल बांध, ताली, नालाबांध, पाझर तलाव आणि वनीकरण या कामांना रोजगार हमीत मानाचे स्थान मिळाले. या कामांत यंत्रापेक्षा हातांची गरज अधिक, आणि त्यांचे फळ पुन्हा त्याच गावच्या विहिरींत उतरते. आज मजुरी मिळावी आणि त्याच मजुरीतून अशी सृष्टी उभी राहावी की काही वर्षांनी मजुरी मागण्याची पाळीच येऊ नये, हा पागे यांच्या कल्पनेतील सर्वांत दूरदृष्टीचा भाग होता. १९८३ साली सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकासाचा कार्यक्रम रोजगार हमीशी जोडण्यात आला. १९९० पासून शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर फळझाडे लावण्याची योजनाही तिच्याशी निगडित झाली आणि माळरानावर आंबा, बोर, डाळिंब, काजू यांच्या बागा उभ्या राहिल्या. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारसारख्या गावाने डोंगरउतारावरील समतल चर खोदण्यासाठी याच निधीचा उपयोग करून घेतला.

आतापर्यंत सांगितले त्यावरून सारे सुरळीतच झाले असा समज होऊ नये. पन्नास मजूर जमल्याशिवाय नवे काम काढावयाचे नाही, हा नियम लहान वाड्यावस्त्यांना जाचक ठरला. खोट्या हजेरीपटांच्या तक्रारी वारंवार झाल्या. मोजमापास उशीर, म्हणून मजुरीस उशीर. आणि हातावर पोट असलेल्या माणसास महिनाभर उधारीवर ठेवणे म्हणजे त्याला सावकाराच्या दारी पाठविणेच होय. बेकारी भत्त्याचे कलम तर बहुतांशी कागदावरच राहिले. काम दिले गेले नाही अशा ठिकाणीही भत्ता क्वचितच हाती पडला. नाव नोंदवून पोच घ्यावयाची असते हेच मजुराला माहीत नसे, आणि पोच नाही म्हणून मागणी नाही, असा उलट हिशेब होई. पुष्कळ पाझर तलाव देखभालीविना गाळाने भरले. आणि सर्वांत खेदाची गोष्ट ही की, कराच्या रूपाने गोळा झालेली रक्कम आणि कामांवर झालेला खर्च यांत अनेक वर्षे मोठे अंतर राहिले. शहरवासीयाने कर भरला, मजूर काम मागत राहिला, आणि मधल्या मध्ये पैसा पडून राहिला.

हे दोष मोठे खरे. तरीही ते दोष म्हणून ओळखता येतात, याचे श्रेय कायद्यालाच द्यावे लागते. दुष्काळसंहितेच्या काळात काम न मिळालेल्या मजुराची तक्रार ही विनवणी होती. १९७९ नंतर ती हक्काची मागणी झाली. गावोगावचे कार्यकर्ते मजुरांचे मागणीअर्ज भरून तहसील कचेरीवर मोर्चे नेऊ लागले, आणि मोर्चाच्या हाती कायद्याचे कलम होते. काम किती निघाले, निधी कोठे गेला, याचा जाब विधिमंडळाच्या सभासदांना विचारता येऊ लागला. पंधरा दिवसांची मुदत लिहिलेलीच नसती, तर सोळाव्या दिवशी कोणी काय विचारावयाचे होते?

महाराष्ट्राचा हा अनुभव पुढे साऱ्या देशाच्या उपयोगी पडला. २००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला आणि फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत त्याचा आरंभ झाला. त्यावेळी चर्चेत महाराष्ट्राचे उदाहरण पदोपदी दिले जात होते. दोहोंत एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. केंद्राच्या त्या कायद्याने प्रत्येक कुटुंबास वर्षाकाठी १०० दिवसांची मर्यादा घातली होती. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती आणि हक्क कुटुंबाचा नसून व्यक्तीचा होता. विसापूरच्या लहानशा प्रयोगापासून संसदेच्या कायद्यापर्यंत चाळीस वर्षांचा काळ लोटला. त्या चाळीस वर्षांत सरकारे आली आणि गेली, पक्ष फुटले आणि जुळले. परंतु काम मागणाऱ्याला काम मिळाले पाहिजे हे तत्त्व मागे घेण्याची भाषा कोणी केली नाही. ते कायद्यात बांधले गेले होते, म्हणूनच ते टिकले.

सुशिक्षित नागरिकाने यावरून घ्यावयाचा बोध सरळ आहे. आपल्या भागाचा आमदार अर्थव्यवस्था, शिक्षण अथवा पर्यावरण यांविषयी पुष्कळ आश्वासने देतो. ती ऐकून संतुष्ट होणे अथवा उपहास करणे या दोन्ही गोष्टी सोप्या आहेत. त्याहून उपयुक्त गोष्ट म्हणजे प्रत्येक आश्वासनाविषयी तीन प्रश्न विचारणे. हे किती दिवसांत व्हावयाचे? पैसा कोणाकडून यावयाचा? आणि झाले नाही तर उत्तर कोणी द्यावयाचे? ज्या गृहस्थाच्या पगारातून दरमहा या कामासाठी वजावट होत आली, त्याला तर हे प्रश्न विचारण्याचा दुहेरी अधिकार आहे: एक नागरिक म्हणून, आणि दुसरा, त्या माळरानावरील अनोळखी मजुराच्या मजुरीतील भागीदार म्हणून.